सात दिवस बिनतक्रार

विश्राम परब यांना शाल आधी मिळाली आणि अभ्यास नंतर सुरू झाला, इथेच सगळा घोळ झाला.

म्हणजे झालं असं, की ठाण्याच्या एका कॉलेजात विद्यापीठाचा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम निघाला होता : ‘संगणकीय विचार आणि प्रोग्रामिंग’. वयाची अट नाही. एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेल्या विश्रामरावांनी एक्कावन्नाव्या वर्षी त्याला प्रवेश घेतला आणि प्रवेश मिळाल्या मिळाल्या बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मानपाड्याची ही गंगोत्री सोसायटी. नाव गंगोत्री, पाणी सकाळी दीड तास. पाडव्याच्या कार्यक्रमाला सत्कारासाठी कुणीतरी हवं असतं, आणि दहावीच्या पोरांचा निकाल लागायला अजून वेळ होता. मग काय, सेक्रेटरी राजरत्न जाधव सरांनी विश्रामरावांना शाल घातली, नारळ दिला आणि “आपले परब साहेब विद्यापीठातून प्रोग्रामर होऊन परत येणार आहेत,” असं माइकवरून जाहीर करून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळाची दुसऱ्याच दिवशी चटणी झाली, तो प्रश्न मिटला. पण माणूस नापास झाला तर शालीचं काय करायचं असतं, हे कुठल्याच उपविधीत लिहिलेलं नाही.

तसा नापास होण्याचा विचार विश्रामरावांच्या मनाला शिवलाही नव्हता. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं आणि शिकवायला शिवानी मॅडम, त्याही जेमतेम तिशीच्या. पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, मोठं काम लहान तुकड्यांत मोडायचं, तुकडे क्रमाने लावायचे, आणि कुठल्या वेळी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. विश्रामरावांना वाटलं, अहो, आम्ही तीस वर्षं फायलींचं दुसरं काय करतोय! पण घरी येऊन त्यांनी सात ओळींचा पहिला प्रोग्राम लिहिला, त्याने पडद्यावर एकोणीसचा पाढा धडाधडा म्हणून दाखवला, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून हाताला धरून बाहेर आणलं.

“अगं रतन, बघ! एकोणीसचा!”

“अहो, तुम्हाला येत नव्हता का?” रतनवहिनींनी विचारलं आणि त्या पोळी करपायच्या आत परत गेल्या.

शेवटी प्रकल्प होता. खरा, रोजच्या जगण्यातला एखादा प्रश्न घ्यायचा, त्याच्यासाठी प्रोग्राम लिहायचा, तो सलग सात दिवस वापरून दाखवायचा, आणि ‘सात दिवसांत एकही तक्रार आली नाही’ असं संबंधित संस्थेचं सही-शिक्क्याचं पत्र जोडायचं. पत्र नाही तर पास नाही. अठरा मेला तोंडी परीक्षा. पोरं हुशार, त्यांनी कॅन्टीनचा मेनू, ग्रंथालयाची पुस्तकं असले निरुपद्रवी विषय घेतले. विश्रामराव उभे राहिले आणि म्हणाले, “पाणी.”

“काका, अजून थोडं लहान काहीतरी घ्या ना,” मॅडम काळजीने म्हणाल्या.

“मॅडम, आमच्याकडे पाणी लहानच आहे,” विश्रामराव म्हणाले आणि खाली बसले.

गंगोत्रीत पाण्याची व्यवस्था अशी. ए, बी, सी, डी अशा चार विंग. खाली जमिनीत एक मोठी टाकी, वर गच्चीवर प्रत्येक विंगची एक. सकाळी सहाला पंपवाला मारुती पंप लावतो आणि पंपरूममधले चार व्हॉल्व्ह आळीपाळीने उघडतो-बंद करतो. साडेसातला खालची टाकी संपते. कुणाला किती मिनिटं, ते मारुतीच्या डोक्यात. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. आता एखादा शहाणा म्हणेल, चाललं होतं ना, मग हात कशाला लावायचा? पण विश्रामरावांचा अभ्यासक्रम विद्यापीठाचा होता.

त्यांनी जाधव सरांकडे परवानगीचा अर्ज दिला. जाधव सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी अर्जातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून तो परत दिला, नवा घेतला, कमिटीत ठराव केला आणि पंपरूमच्या दाराला सुतळीने एक तक्रार वही बांधली. “परब, मी न्यायाने चालणार,” ते म्हणाले. “तोंडी तक्रार मी धरणार नाही. पण वहीत एक ओळ जरी पडली, की खंड पडला. पुन्हा एकपासून मोजायचं.”

“वही कोरी राहील, सर,” विश्रामराव म्हणाले.

सल्ले तर न मागता आले. सी विंगचा साईनाथ, ज्याचा भाचा ऐरोलीला आयटीत आहे आणि त्या आधारावर जो स्वतःही थोडासा आयटीत आहे, तो म्हणाला, “काका, एआयला विचारा ना. पाच सेकंदांत लिहून देतो.”

“आणि मग शाल काय एआयला घालायची?” विश्रामराव कडाडले. बी विंगच्या रोझा डिमेलो खिडकीतून म्हणाल्या, “अवो परब, त्या मशीनला आंगोल करावी लागते काय? मग तिला पाण्याचं काय कळतंय?” विश्रामरावांनी या अज्ञानाकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

एक चूक मात्र त्यांनी तेव्हाच केली, आणि ती संगणकावर केली नाही. प्रोग्रामने काढलेला पहिला कागद मारुतीच्या हातात देताना ते म्हणाले, “हे बघ मारुती, उद्यापासून तू विचार करायचा नाहीस. विचार कागद करेल. तू फक्त कागदावर असेल तेवढंच करायचं. समजलं?”

मारुती माणूस सरळ, साताऱ्याकडचा. त्याने कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “बरं साहेब.” चौदा वर्षं डोकं वापरलेल्या माणसाला डोकं वापरू नको म्हटल्यावर तो जेव्हा नुसतं ‘बरं’ म्हणतो, तेव्हा समोरच्याने हातातलं काम टाकून त्याची समजूत काढावी. विश्रामराव शीळ घालत वर गेले.

कागदावर लिहिलं होतं : ए उघडा, तेवीस मिनिटं थांबा. बी उघडा, तेवीस मिनिटं थांबा. सी उघडा, बावीस मिनिटं थांबा. डी उघडा, बावीस मिनिटं थांबा. पंप बंद करा. मारुतीने अक्षरशः तसंच केलं. ए उघडला, बी उघडला, आणि ए बंद करा असं कुठे लिहिलेलंच नसल्यामुळे केला नाही. ए विंग पंपाच्या सगळ्यात जवळ, तिची टाकी भरून वाहायला लागली. गच्चीवर ए विंगच्या गंगुबाईंनी वर्षाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. पहिल्या घाण्याच्या, गव्हाच्या, तीन दिवस चीक काढून केलेल्या. सात वाजता गंगुबाई त्यातल्या उरलेल्या कुरडया पातेल्यात घेऊन डी विंगला विश्रामरावांच्या दारात आल्या. त्यांची आता खीर झाली होती. “घ्या, खा,” त्या एवढंच म्हणाल्या आणि वहीकडे गेल्या. त्यांना लिहायची सवय नव्हती, पण त्या दिवशी त्यांनी दीड पान लिहिलं.

“अरे मारुती, ए बंद नको का करायला?”

“कागदावर न्हवतं साहेब.”

“पण हे तर कुणालाही...” विश्रामराव म्हणाले आणि थांबले, कारण ‘कुणालाही कळतं’ असं म्हटलं की मॅडम वर्गात गुण कापायच्या. संगणकाला काहीच आपोआप कळत नाही, सगळं सांगावं लागतं, हे त्यांनी स्वतःच वर्गाच्या वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवलं होतं. त्या रात्री घरी जेवणात खीर होती.

दुसरा कागद त्यांनी फार विचारपूर्वक बनवला. उघडण्याबरोबर बंद करणं आलं. मिनिटांच्या गणितात पडायलाच नको म्हणून त्यांनी नवीन सूत्र वापरलं : ‘टाकी भरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवा.’ दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी सी विंगच्या टाकीला तळाशी चीर गेली. टाकी काही केल्या भरेना, आणि मारुती व्हॉल्व्हपाशी हाताची घडी घालून उभा. खालची टाकी रिकामी झाली, पंप कोरडा घरघरू लागला, डी विंग ओरडू लागली. विश्रामराव धावत खाली आले तर मारुतीने शांतपणे कागद दाखवला. “भरेपर्यंत लिवलंय साहेब. अजून भरली न्हाई.” संपायची अटच कधी पुरी होत नसेल तर प्रोग्राम अनंत काळ फिरत बसतो, हे शिवानी मॅडमनी चौथ्या आठवड्यात शिकवलं होतं. चौथ्या आठवड्यात विश्रामराव मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला आंबिवलीला गेलेले.

वहीत अकरा ओळी पडल्या. त्यातली एक साईनाथची होती आणि ती प्रोग्रामबद्दल नसून कबुतरांबद्दल होती, पण जाधव सरांनी तीही धरली.

तिसऱ्या वेळी त्यांनी संगणकाला विंगांना एक ते चार असे नंबर देऊन सांगितलं, एकपासून चारपर्यंत मोज. आता ही प्रोग्रामिंगची भाषा मोठी विचित्र. तिला ‘चारपर्यंत’ म्हटलं की ती तीनवर थांबते, चारला हातच लावत नाही. वर्गातल्या पोरांना हे ठाऊक होतं. विश्रामरावांनाही ठाऊक होतं, पण घाईत राहिलं. चार नंबर म्हणजे डी विंग, म्हणजे त्यांची स्वतःची. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत त्यांना ही चूक आठवली. रतनवहिनींनी पिंपातलं तळाचं पाणी तांब्याने आणून दिलं आणि दाराबाहेरून विचारलं, “अहो, घरच्याच बाईने वहीत लिहिलं तर चालतं का?”

नऊ मेला सोसायटीची बैठक झाली. साईनाथ म्हणाला, बंद करा हे. गंगुबाईंनी पातेलं सोबत आणलं होतं. जाधव सरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, “उद्यापासून सोळा तारखेपर्यंत बरोबर सात दिवस बसतात. शेवटची संधी. परब, तुम्हाला अजून जमेल असं वाटतं?”

“शंभर टक्के,” विश्रामराव म्हणाले. आवाज खणखणीत लागला. कपाटात ती शाल होती ना.

आणि काय चमत्कार! दहा तारीख गेली, वही कोरी. अकरा गेली, कोरी. शुक्रवारी नळाला पाणी नसतं, त्या दिवशी हमखास भांडणं होतात, तो शुक्रवारही निमूट गेला. गंगुबाईंनी पुन्हा कुरडया घातल्या. रोझा मावशी खिडकीतून म्हणाल्या, “परब, तुमची मशीन शानी झाली वो.” विश्रामरावांची छाती इतकी फुगली की शर्टाचं वरचं बटण त्यांनी उघडंच ठेवलं.

सोळा तारखेला, सातव्या दिवशी, प्रकल्पाला जोडायला एखादा व्हिडिओ असावा म्हणून ते पहाटे सहाला मोबाइल घेऊन पंपरूममध्ये गेले. त्यांच्या कागदाप्रमाणे आधी ए उघडायचा होता. मारुती डी उघडत होता. कागद कुठे म्हणून पाहिलं, तर त्या दिवसाचा कागद मारुतीच्या चहाच्या ग्लासाखाली होता, आणि आधीच्या सहा दिवसांचे नीट घडी घालून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या एका पायाखाली.

“मारुती! हे काय आहे?”

मारुतीने मान खाली घातली. “साहेब, तुमच्या कागदानं आठवडा काय निभत नव्हता. वहिनी आलेल्या खाली. म्हणाल्या, भाऊ, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका, ते नापास झाले तर चारचौघांत मान वर करायचे नाहीत. तुम्हाला सात दिवस पायजे होते. म्हणून दिले.”

विश्रामरावांनी मोबाइल खिशात घातला. ते वर आले. नऊ वाजता जाधव सर स्वतः पत्र घेऊन घरी आले. गोल शिक्का, निळी सही, ‘प्रोग्राममुळे सात दिवस एकही तक्रार नाही.’ पत्र बिनचूक होतं, शुद्धलेखनाचंही. कुणाला काही कळलं नसतं. विश्रामरावांनी ते खिशात घातलं, काढलं, परत घातलं. त्यांना लाज वाटत होती, अगदी कानशिलं तापेपर्यंत. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी त्यांना जास्त छळत होतं. हा माणूस हे जमवतो कसं?

त्यांनी कचेरीत रजा टाकली, वही-पेन घेतलं आणि खाली जाऊन पंपरूमच्या उंबऱ्यावर बसले. “मारुती, विचार करू नकोस म्हणालो ते चुकलं माझं. आता तूच सांग. अगदी सगळं. मी लिहितो.”

“काय सांगू? त्यात काय हाय सांगण्यासारखं?” असं म्हणून मारुती दुपारी दोनपर्यंत बोलत होता. गुरुवारी सगळ्यांना दोन मिनिटं जादा, कारण शुक्रवारी लोक पिंपातलं वापरतात. रविवारी बी आधी, कारण डिमेलोंना चर्चला जायचं असतं. सीची टाकी चिरलीय, तिला दोनदा थोडं-थोडं. ज्या घरात मयत झालंय त्या विंगला दहा दिवस पहिला नंबर, कुणी विचारायला यायची वाट बघायची नाही. बाळंतीण असली तर सव्वा महिना. तेवीस नियम निघाले. आणि भिंतीवर कोळशाने रोजची मिनिटं लिहिलेली, कितीतरी महिन्यांची. विश्रामरावांनी भिंतीचा फोटो काढला, तेवीस नियमांचा नवा प्रोग्राम लिहिला आणि गेल्या सात दिवसांची उत्तरं भिंतीशी ताडून पाहिली. सहा दिवस तंतोतंत जुळले! बुधवार मात्र जुळेना. बीला मारुतीने चार मिनिटं जास्त दिली होती.

“बुधवारी बीला चार का रे?”

मारुतीने डोकं खाजवलं. “आदल्या सांजेला दोऱ्या भरलेल्या ना. रोझा मावशीचा पोरगा वॉरेन आला बोटीवरनं, सगळी धुणी एकदम. दोरी भरली म्हंजे टाकी उतरली. मी रोज सांजेला वर बघतो की.”

“हे तू मघाशी सांगितलं नाहीस!”

“वर बघायचं हे काय सांगायचं, साहेब?”

अठरा तारखेला ठाण्याला तोंडी परीक्षा. विश्रामरावांनी बसल्या बसल्या पत्र शिवानी मॅडमपुढे ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, हे सात दिवस माझ्या प्रोग्रामचे नाहीत. मारुतीचे आहेत. आमचा पंपवाला. माझा प्रोग्राम परवा तयार झाला, त्याचं डोकं उतरवून. अल्गोरिदम त्याचा आहे, तसं मी अहवालात नाव घालून लिहिलंय. टायपिंग माझं.”

मॅडमनी पत्र बाजूला ठेवलं. “काका, मग मी तुम्हाला पास कशावर करू?”

“ते मला माहीत नाही. पण या विषयाच्या नावात विचार असा शब्द आहे, आणि तो कुठे असतो ते मला आता माहीत आहे.”

मॅडमनी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, “चालवून दाखवा. उद्याचं पाणी.”

प्रोग्राम सुरू झाला, आणि मधेच थांबला. पडद्यावर प्रश्न उभा राहिला : ‘दोऱ्या पाहिल्या का?’

“हे काय?”

“इथे वर बघावं लागतं,” विश्रामराव म्हणाले आणि त्यांनी तिथूनच मारुतीला फोन लावला, स्पीकरवर. “मारुती, दोऱ्या?”

“आत्ता? बरं, थांबा.” चपलांचा आवाज आला. “एच्या निम्म्या. बीला रोझा मावशीच्या चार चादरी, फुल भरली. सी रिकामी. डीला... डीला एकच शाल हाय साहेब. तुमची, पाडव्याची. वहिनींनी धुतलीय. सांजच्याला लागेल म्हणाल्या.”

संध्याकाळी पांघरायला लागेल की परत करायला, हे विचारायचं विश्रामरावांना धाडस झालं नाही. त्यांनी निमूट आकडे भरले. उत्तर आलं. “एला बावीस, बीला सत्तावीस, सीला दोनदा दहा, डीला एकवीस,” त्यांनी फोनमध्ये वाचून दाखवलं.

पलीकडून मारुतीचं मिनिटं पुटपुटत मोजणं ऐकू आलं. शिवानी मॅडमही पेन वर धरून थांबल्या होत्या.

“बरोबर हाय,” मारुती म्हणाला. “मी पण तेवढंच दिलं असतं.”

मॅडमनी गुणपत्रिका पुढे ओढली. पत्र त्यांनी परत केलं, त्याऐवजी समोर जे घडलं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आणि विश्रामरावांना शंभरातले बासष्ट दिले. पहिला वर्ग दोन गुण राखून!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विश्रामराव दोरीवरची शाल काढून खाली गेले. जाधव सर फिरायला निघाले होते. ती शाल मारुतीच्या खांद्यावर पडलेली पाहून ते थबकले आणि म्हणाले, “परब, सोसायटीने दिलेली शाल अशी परस्पर? याला ठराव लागतो.”

“नंतर करा सर. आधी टाळ्या वाजवा.”

जाधव सरांनी इकडेतिकडे पाहून दोन वाजवल्या. मारुती मे महिन्याच्या उकाड्यात शाल पांघरून, घाम पुसत, अवघडून उभा होता. “पास झालो का साहेब?” त्याने विचारलं.

“झालो रे. दोघंही.”

मारुती हसला. मग सवयीने त्याने वर पाहिलं. डी विंगच्या दोरीवर आता काहीच नव्हतं.

“डीला एक मिनिट कमी,” तो म्हणाला आणि त्याने व्हॉल्व्ह फिरवला.